त्या कागदावर सही करण्याआधी

पत्र, थोडक्यात

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंनी लिहिलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ३४, घरी बिड्या वळतात. नवरा ३८ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. नोव्हेंबरच्या मध्यात मोहोळहून मोटारसायकलवर परत येताना बाळे गावाजवळ ट्रकची धडक बसली. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. आता चार महिने होत आले. वॉकर सुटून काठी आली, पण कामावर जाता येत नाही. ट्रकचा ड्रायव्हर पळून गेला नाही. त्यानेच रिक्षा थांबवून दवाखान्यात आणलं आणि रात्रभर बाहेर बसून राहिला. आता ट्रकमालकाचा माणूस पंचाहत्तर हजार रुपये आणि टाइप केलेला स्टँप पेपर घेऊन दोनदा घरी येऊन गेलाय. "मिटवून टाका" म्हणतोय. दीर म्हणतात, घेऊन मोकळे व्हा, कोर्टात गेलात तर पोरांची लग्नं होतील तरी निकाल लागायचा नाही. नवरा म्हणतो, चूक माझीच, मी घाईत वळलो, हेल्मेटही नव्हतं, आता कुठल्या तोंडाने पैसे मागू? ताई विचारतात, "ज्याने माझ्या माणसाला उचलून आणलं त्याच्यावरच केस करायची, हे पाप नाही का? त्यालाही तीन लेकरं आहेत. पण सावकाराचे एक लाख ऐंशी हजार तरी कुठून फेडू?"

उत्तर

ताई,

आधी उत्तर सांगते, कारण तो माणूस तिसऱ्यांदा दारात उभा राहील तेव्हा विचार करायला सवड मिळणार नाही. त्या कागदावर सही करू नका. तुम्हीही नको आणि तुमच्या नवऱ्यानेही नको. आता का, ते सविस्तर सांगते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते ड्रायव्हरबद्दलच्या वाक्याने. एवढी अडचण असताना समोरच्याच्या लेकरांचा विचार तुमच्या मनात येतो, तो तसाच राहू द्या. पण तुम्ही असं धरून चाललाय की भरपाई मागितली तर ती त्या ड्रायव्हरच्या खिशातून जाईल. सहसा तसं होत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा काढणं कायद्याने सक्तीचं आहे. त्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्याच्यासाठीच हा विमा असतो, आणि मालक दरवर्षी हप्ता भरतो तो अशाच दिवसासाठी. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टापुढे, म्हणजे मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे, अर्ज करताना ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांची नावं घालतात, त्यामुळे ड्रायव्हरला नोटीस जाईल आणि तो घाबरेल, हे खरं. पण गाडीची कागदपत्रं धड असतील तर पैसे भरते विमा कंपनी.

पोलिसांत नोंदलेला गुन्हा ही पूर्ण वेगळी गोष्ट. तो सरकारच्या वतीने चालतो. बेदरकारपणे गाडी चालवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २८१ तडजोडीचं नाही. म्हणजे "आमची काही तक्रार नाही" असं तुम्ही स्टँप पेपरवर लिहून दिलंत तरी त्या कागदाने ती केस संपत नाही. उलट तोच कागद उद्या भरपाईच्या वेळी तुमच्याविरुद्ध पुढे केला जाईल. ज्या ड्रायव्हरसाठी तुमचा जीव तुटतोय त्याला त्या सहीचा फार उपयोग नाही, आणि तुमचं नुकसान मात्र नक्की आहे.

मग त्या माणसासाठी काही करता येईल का? येईल. त्याने केलं ते सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरला सांगतं की जखमीला उपचार मिळवून दे आणि पोलिसांना कळव. त्याने जखमीला सोडलं नाही. तुमच्या नवऱ्याच्या जबाबात हे आलंय का बघा. नसेल तर पुरवणी जबाब देता येतो, त्यात "ट्रकचालकाने स्वतः रिक्षा थांबवून मला दवाखान्यात नेलं" हे वाक्य लिहून घ्यायला सांगा. साक्षीच्या वेळीही तेच सांगा. त्याच्या केसमध्ये या वाक्याला किंमत आहे, आणि ते खरं आहे.

आता ट्रकमालकाकडे वळू. चार महिन्यांनी एवढी घाई का, हा प्रश्न विचारायला हवा. माणुसकी असू शकते, मी नाकारत नाही. पण अशा घाईमागे पुष्कळदा गाडीच्या कागदांतली खोट असते: विमा संपलेला, फिटनेस संपलेलं, ड्रायव्हरकडे जड वाहनाचं लायसन नाही, असलं काहीतरी. एमपरिवहन अ‍ॅपवर ट्रकचा नंबर टाकला की विम्याची आणि फिटनेसची मुदत दिसते. पुतण्याला, शेजारच्या कॉलेजच्या मुलाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. एवढंच पाहा की विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का. नंतर काढलेला उपयोगाचा नाही. पॉलिसी नंबर आणि कंपनीचं नाव पोलिसांच्या कागदांत मिळतं, ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

विमा चालू असेल तर मालकाशी घासाघीस करण्यात काहीच अर्थ नाही. लायसन किंवा परमिटमध्ये गडबड निघाली तरी प्राधिकरण अनेकदा विमा कंपनीला सांगतं की आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. विमाच नसेल तर चित्र बदलतं. मग भरपाई मालकावर येते, आणि त्याच्याशी तडजोड हा खरोखर विचार करण्यासारखा पर्याय होतो. पण तीही घरच्या ओसरीवर नको. दावा लावा आणि लोकअदालतीत, न्यायाधीशांसमोर करा, म्हणजे ठरलेली रक्कम त्याने दिली नाही तर ती वसूल करता येते.

तरीही मालकाला आत्ता मदत करायची असेल तर करू द्या. बँकेतून तुमच्या नवऱ्याच्या खात्यावर पाठवू द्या, पावतीवर "उपचारासाठी मदत" एवढंच लिहा, पुढे कोणतीही अट नको. ती रक्कम लपवू नका, प्राधिकरणात सांगा. अट नसलेले पैसे द्यायला तो तयार होतो का, यावरूनही तुम्हाला बरंच कळेल.

आता तुमच्या नवऱ्याबद्दल. "चूक माझीच" हे ते किती खात्रीने म्हणतात, आणि ती खात्री कुठून आली? मांडीचं हाड मोडून रस्त्यावर पडलेल्या माणसाची त्या दोन-चार सेकंदांची आठवण भरवशाची नसते, आणि प्रामाणिक माणूस आधी स्वतःलाच दोष देतो. म्हणून आठवणीच्या आधी कागद वाचा. पोलीस ठाण्यातून घटनास्थळाचा पंचनामा घ्या आणि दोघं मिळून संध्याकाळी शांतपणे वाचा. त्यात टायर घासल्याच्या खुणा किती लांब लिहिल्यात? काचा कुठे पडल्या होत्या, दुभाजकाजवळ की डाव्या कडेला? मोटारसायकल कोणत्या बाजूने चेपलीय? ब्रेकची लांबलचक खूण असेल तर ट्रकचा वेग बोलतो. खूणच नसेल तर ड्रायव्हरचं लक्ष होतं का, हा प्रश्न उभा राहतो. हंगामात त्या हायवेवर उसाच्या आणि कांद्याच्या गाड्यांची काय गर्दी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. एकट्या मोटारसायकलवाल्याच्या माथी सगळा दोष मारणं सोपं असतं, एवढंच.

आणि समजा थोडी चूक निघाली. तरी दावा बुडत नाही. दोष दोघांचा असेल तर प्राधिकरण त्याची वाटणी करतं आणि तेवढी रक्कम कापतं. हेल्मेटचं म्हणाल तर मोडलंय मांडीचं हाड. त्याचा हेल्मेटशी संबंध जोडायला विमा कंपनीला जड जाईल. त्यांच्याकडे लायसन नसलंच, तर तो वेगळा गुन्हा आहे, पण तेवढ्यावरून अपघात त्यांच्यामुळेच झाला असं सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. तुमच्या नवऱ्याला खोटं बोलायची काहीही गरज नाही. दवाखान्याच्या आवारात भेटणारे काही एजंट "साक्षीदार मी देतो, पगार वाढवून लिहू" म्हणतात. त्यांच्या नादाला लागू नका. जे झालं ते जसंच्या तसं सांगूनही तुमच्या माणसाचा हक्क शाबूत राहतो. हे त्यांना तुम्ही नीट समजावून सांगा, कारण त्यांचं मन तिथेच अडलंय.

पंचाहत्तर हजार कमी की जास्त, हे कळायला एक हिशेब मांडून दाखवते. आकडे उदाहरणादाखल धरलेत. महिन्याची कमाई १४ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार. अपघातामुळे कमाईची ताकद चौथाईने घटली असं प्राधिकरणाने मानलं, तर वर्षाचं नुकसान ४२ हजार. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक ठरवून दिलेत. ३६ ते ४० वयाला तो १५ आहे. ४२ हजार गुणिले १५, म्हणजे ६ लाख ३० हजार. शिवाय दवाखान्याचं बिल, बुडालेला पगार, वेदना, रॉड काढायच्या ऑपरेशनचा पुढचा खर्च वेगळा. आणि एक तृतीयांश दोष तुमच्या नवऱ्याचा धरला तरी नुसत्या त्या ६ लाख ३० हजारांतले ४ लाख २० हजार उरतात.

यात कळीची गोष्ट "कमाईची ताकद" ही आहे. डॉक्टर लिहितील पायाला अमुक टक्के अपंगत्व. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की शरीराच्या टक्क्यांपेक्षा त्या माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला ते बघायचं. टेबलावर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा पाय थोडा आखडला तर त्याची नोकरी चालू राहते. मागावरच्या कामगाराचं तसं नसतं. अख्खी पाळी उभं राहून एका मागावरून दुसऱ्याकडे जायचं, कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की वाकून जोडायचा. गुडघा पूर्ण वळत नसेल, पाय जरा आखूड झाला असेल तर हे काम आठ तास होईल का? तुमच्या वकिलांना मागावरचं काम माहीत नसेल तर एकदा कारखान्यात नेऊन दाखवा. कमाईचा पुरावा म्हणून कारखानदाराची चिठ्ठी मिळाली तर उत्तम. मिळाली नाही तर पीएफचं पासबुक, बँकेत येणारा पगार, हजेरीचं कार्ड, सोबतच्या कामगाराची साक्ष, यांवरही प्राधिकरण कमाई ठरवतं. पगारपत्रक नाही म्हणून कुणी रिकाम्या हाती परत जात नाही.

एक सरळ रस्ताही आहे, तो सांगते आणि तो तुम्ही लगेच का धरू नये तेही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा, म्हणजे वर हिशेब मांडला तो, संपतो. हाड नीट जुळून माणूस दोन-तीन महिन्यांत पूर्वीसारखा कामाला लागणार असेल तर अडीच लाख घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं ठरू शकतं. कायमची उणीव राहणार असेल तर नाही. म्हणून हाडाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हा पाय मागावर उभं राहण्याइतका होणार का, आणि कधी? त्यांच्या उत्तरावर तुमचा रस्ता ठरेल. वकिलाच्या सल्ल्याशिवाय यातलं काही लिहून देऊ नका.

दिरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दावे रेंगाळतात, तारखा पडतात, विमा कंपनी अपिलात जाते. पण अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज द्यायचा अधिकार प्राधिकरणाला आहे आणि सहसा ते मिळतं. शिवाय लोकअदालतीत विमा कंपन्या अपघाताचे दावे मिटवायला बसतातच, आणि तिथे ठरलेल्या रकमेवर अपील होत नाही. दिरांना सोबत घेऊन जा. घरातला कर्ता पुरुष म्हणून त्यांनी काळजीने सांगितलंय. त्यांनाही हिशेब बघू दे.

मुदतीची गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसायचं नाही. तुमची मुदत मेच्या मध्यात संपते, आणि मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज दाखल झाला पाहिजे. पोलिसांनीही ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि त्या अहवालावरूनही दावा सुरू होऊ शकतो. ठाण्यात जाऊन तो गेलाय का ते विचारा, गेला असेल तर प्रत घ्या. तरी स्वतःचा अर्ज करा.

वकिलाची फी हा पुढचा धसका. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कारखान्यातला कामगार आणि कमी उत्पन्नाचा माणूस, दोघांनाही तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर आधी फोन करूनही विचारता येईल. खासगी वकील केलात तर फी लेखी ठरवा. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणं वकिलांच्या नियमांतच बसत नाही, हे लक्षात असू द्या. कोऱ्या कागदावर सह्या नकोत, आणि खातं तुमच्या नवऱ्याच्या नावाचं, पासबुक आणि एटीएम कार्ड तुमच्याच घरात.

आजपासून एक पिशवी करा. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं, मेडिकलच्या पावत्या, तपासणीला जाताना दिलेलं रिक्षाभाडं एका वहीत तारखेसह. बिलांच्या मूळ प्रती कुणाला देऊ नका, त्या माणसालाही नाही. मेडिकलची शाई पुसट होते म्हणून झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा. अपंगत्वाचा दाखला काढायची घाई नको, हाड पुरतं जुळल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा सिव्हिलमध्ये काढा.

सावकाराचं देणं हीच तुमची खरी घायकुतीची जागा आहे, आणि पंचाहत्तर हजार आकर्षक वाटतात ते त्यामुळे. पण हिशेब बघा, ते देऊनही एक लाखाच्या वर कर्ज उरतंच, आणि पुढचं सगळं दार बंद. त्यापेक्षा महिला बचत गटातून, पतसंस्थेतून कमी व्याजाचं कर्ज काढून सावकार आधी फेडता येतो का ते बघा. सावकाराकडे परवाना आहे का, हेही विचारा. विनापरवाना सावकारीविरुद्ध महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी चार गोष्टी, कारण तुमच्या वेळी त्या कुणी सांगितल्या नाहीत. ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला यादीतल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत विनारोकड उपचाराची केंद्राची योजना आहे. ११२ ला फोन करताना जवळचं असं रुग्णालय विचारा, आणि दवाखान्यात गेल्या गेल्या या योजनेचं नाव घ्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८. ट्रकच्या नंबरप्लेटचा आणि गाड्या हलवण्याआधी जागेचा फोटो कुणाकडून तरी काढून घ्या. ट्रक पळून गेला आणि शेवटपर्यंत सापडला नाही, तर गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात, त्यासाठी प्रांत कार्यालयात अर्ज करायचा. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचंही तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणि दावा लावायला अपघाताच्या जिल्ह्यातच जावं लागत नाही. उमरग्याजवळ किंवा इंदापूरला अपघात झाला तरी सोलापूरचा रहिवासी सोलापुरात दावा लावू शकतो.

ट्रक चालवणारे भाऊही हे सदर वाचतात, म्हणून त्यांनाही सांगते. जमाव हातघाईवर आला तर जीव वाचवायला तिथून निघण्याची सवलत कायद्याने दिलीय, पण मग थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत कळवा. विमा कंपनीला लेखी कळवायला मालकाला भाग पाडा. "तू गप्प राहा, मी बघतो" असं मालक म्हणाला तरी गप्प राहू नका, गुन्ह्यात नाव तुमचं असतं.

ताई, सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन पंचनामा आणि विम्याचे तपशील मागा, आणि त्याच आठवड्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. तो माणूस त्याआधी आला तर दारातच पाणी द्या, कागद वाचायला ठेवून घ्या, आणि "वकिलांना दाखवून कळवते" एवढंच म्हणा. कागदाचा फोटो काढायला विसरू नका.